ब्रँड तीन, औषध एकच: मखमलाबादच्या तबेल्यातली जंताची केस

मखमलाबादच्या पुढे एक तबेला आहे. मोठे घोडे आठ आणि एक सहा-सात महिन्यांचं शिंगरू. लग्नाच्या वराती, मिरवणुका, सीझनला दोन घोडे बग्गीला. मालकांनी लिहायला परवानगी दिलीय पण नाव नको म्हणाले, आजूबाजूचे सगळे त्यांना नाना म्हणतात तर मीही नानाच लिहितो. मी नाशिकमध्येच प्रायव्हेट प्रॅक्टिस करतो, गाई-म्हशी जास्त आणि घोडे कमी, पण घोड्यांची ही केस नीट मांडून ठेवावी असं वाटलं कारण अशीच गोष्ट पंचवटीपासून येवल्यापर्यंत बऱ्याच तबेल्यांत चालू असते आणि कोणी मोजत नाही.

तक्रार साधी होती. लग्नाचा सीझन संपला, आषाढ लागला, आणि नानांचं म्हणणं की चंदी वाढवली, हरभरा चालू, ओट चालू, तरी घोडे भरत नाहीत, केस रुक्ष दिसतात, शिंगराचं पोट घागरीसारखं आणि फासळ्या मात्र मोजून घ्या. फेब्रुवारीत राणी नावाच्या घोडीला पोटशूळ होऊन गेला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य जे मला जवळपास प्रत्येक तबेल्यात ऐकायला मिळतं: "डॉक्टर, जंताचं औषध आमच्याकडे टायमावर असतं, त्यात कसूर नाही."

टायमावर म्हणजे दर दुसऱ्या अमावस्येला. तारीख लक्षात राहत नाही, अमावस्या राहते, म्हणून. वर्षभर हे चाललेलं. मी रिकामी पाकिटं मागितली तर मोतद्दाराने, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या माणसाने, खिडकीतल्या डब्यातून काढून दिली, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. नानांनी मुद्दाम कंपनी बदलली होती, कारण कोणीतरी सांगितलेलं की एकच औषध सारखं दिलं की जंतांना सवय होते, आळीपाळीने द्यावं. सल्ला अर्धा बरोबर. पण पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर दोनांत फेनबेंडाझोल आणि तिसऱ्यात अल्बेंडाझोल, जे गाई-म्हशींसाठी दुकानदार डोळे झाकून देतो. दोन्ही एकाच घराण्यातली, बेंझिमिडाझोल. जंताच्या शरीरातली ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची जुळणी ही औषधं बिघडवतात, आणि त्या प्रथिनातच बदल झालेले जंत तयार झाले की घराण्यातलं एक औषध चालत नाही तसं दुसरंही चालत नाही. म्हणजे नानांनी वर्षभर रॅपर बदलले, औषध बदललंच नाही.

हे समजवायला मला फार बोलावं लागलं नाही कारण नानांच्या भावाची द्राक्षबाग शेजारीच आहे. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगावर एकच बुरशीनाशक परत परत मारलं की पुढे डाऊनी ऐकत नाही आणि कंपनी बदलून उपयोग नसतो, आतला घटक बघावा लागतो, हे नाशिकच्या बागायतदाराला मी काय शिकवणार, तोच मला शिकवेल. बागेसाठी डबा वाचणारा माणूस घोड्यासाठी मात्र फक्त डब्याचा रंग बघतो, हे मला गमतीचं वाटतं.

आता डोस. घोडा कितीचा आहे विचारलं तर नाना म्हणाले "अडीचशे किलो धरा." बादलला टेप लावला. छातीचा घेर, म्हणजे तंग बांधतो तिथून जरा मागे, मानेमागच्या पाठीच्या उंचवट्याच्या मागून पूर्ण वेढा, १६२ सेंटिमीटर. लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत १५५. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८०, उत्तर किलोत येतं. १६२ × १६२ × १५५ ÷ ११,८८० म्हणजे साधारण ३४२ किलो. नानांचा विश्वास बसला नाही म्हणून बादलला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या लाइनीत नेऊन भुईकाट्यावर उभा केला, ३४० निघालं, काट्यावरच्या पोराने पावतीवर मालाच्या रकान्यात "घोडा" लिहून दिलं.

तर ३४२ किलोच्या घोड्याला दीड ग्रॅमचा एक गोळा मिळत होता, म्हणजे किलोला ४.४ मिलिग्रॅम. मी प्रौढ घोड्याला फेनबेंडाझोल किलोला ७.५ मिलिग्रॅम धरतो, काही देशांत लेबलवर ५ आहे, पण ५ धरलं तरी हा डोस कमीच. आणि तोही पूर्ण पोटात जात नव्हता. गोळा चुरून चंदीत मिसळून तोबरा बांधायचे, घोडा ओठांनी दाणा दाणा वेचून खातो, तोबऱ्याच्या तळाला पांढरी पूड तशीच. मी तोबरा उलटा करून झटकला तर हाताला लागली. कमी डोस हा जंतांसाठी चांगलाच असतो, जे थोडे दणकट आहेत ते वाचतात, त्यांचीच पुढची पिढी.

इथे बरेच लोक थांबतात आणि म्हणतात, झालं, डोस कमी होता, पूर्ण द्या, सुटला प्रश्न. पण डोस कमी पडला म्हणून औषध लागलं नाही, की पूर्ण डोस दिला तरी लागणार नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून घोडा बघून यातली कुठली हे कळत नाही. ते लीद तपासूनच कळतं. आधी लीदमधली जंताची अंडी मोजा, वजन करून पूर्ण डोस द्या, १४ दिवसांनी परत मोजा. अंडी किती टक्क्यांनी घटली ते बघा. पद्धत जुनी आहे, साधी आहे, आणि आपल्याकडे होत नाही कारण लीद गोळा करायला कोणाला आवडत नाही आणि औषध दिल्याचं समाधान लगेच मिळतं.

लीद कशी घेतली ते सांगतो कारण इथेच निम्मे रिपोर्ट खराब होतात. सकाळी घोड्याने टाकल्या टाकल्या वरचे दोन-तीन गोळे, जमिनीला न लागलेले, झिपच्या पिशवीत, हवा दाबून बाहेर काढून, पिशवीवर घोड्याचं नाव, आणि लगेच बर्फाच्या डब्यात. उन्हात राहिली तर अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि मग मोजायला अंडीच राहत नाहीत, रिपोर्ट उगाच छान येतो. मोतद्दाराला पहिल्या दिवशी हसू आवरत नव्हतं, नंतर तोच बरोबर टायमाला पिशव्या तयार ठेवायला लागला.

मोजणी मॅकमास्टर स्लाइडवर. ४ ग्रॅम लीद, २६ मिलिलिटर मिठाचं संपृक्त पाणी (घरचंच मीठ, विरघळायचं थांबेपर्यंत टाकत राहायचं), चांगलं ढवळून चहाच्या गाळणीतून गाळायचं, स्लाइडच्या दोन्ही खणांत भरायचं, पाचेक मिनिटं थांबायचं. अंडी हलकी असल्याने वर येऊन काचेला चिकटतात. दोन्ही खणांत मिळून जेवढी दिसतील त्याला २५ ने गुणलं की एका ग्रॅम लीदमधली अंडी, ज्याला ईपीजी म्हणतात. स्ट्राँगाइल या घोड्यांच्या आतड्यातल्या जंतांच्या गटाचं अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचा पुंजका. शिंगराच्या लीदमधलं गोल जंताचं अंडं बघताक्षणी वेगळं ओळखू येतं, गोल, तपकिरी, जाड कवचाचं.

पहिल्या मोजणीचे आकडे असे आले. बिजली १२५०, बादल ११००, राणी ९००, पाखऱ्या ७००, तुफान ३५०, राजा १५०, मोती ७५, सुलतान शून्य. सगळ्यांची बेरीज ४५२५, त्यातले ३२५० फक्त पहिल्या तिघांचे, म्हणजे तबेल्यातली ७२ टक्के अंडी तीन घोडे टाकत होते. हे जगभर असंच दिसतं, साधारण २० ते ३० टक्के मोठे घोडे ८० टक्के अंडी टाकतात, बाकीच्यांची प्रतिकारशक्तीच जंतांना दाबून ठेवते. एकच पागा, एकच चंदी, एकच पाणी, तरी सुलतान शून्य आणि बिजली साडेबाराशे.

आणि आता जरा गंमत. तबेल्यातली सगळ्यात चकचकीत, भरलेली घोडी कोण तर बिजली. सगळ्यात हडकुळा कोण तर राजा, ज्याचा ईपीजी १५०. नानांना वाटत होतं राजाच्या पोटात जंतच जंत असणार. ईपीजीवरून पोटात किती जंत आहेत किंवा घोडा किती आजारी आहे हे ठरत नाही, तो आकडा फक्त हा घोडा जमिनीवर किती अंडी पसरवतोय एवढंच सांगतो. राजाचं रक्त सर्ऱ्यासाठी, म्हणजे रक्तातल्या परजीवीच्या आजारासाठी, बघितलं, काही नाही, तोंड उघडून दाढा बघितल्या तर बाहेरच्या कडा सुरीसारख्या झालेल्या आणि गालाला आतून जखमा. तो चावूच शकत नव्हता, अर्धा चघळलेला घास तोंडातून खाली पडायचा. दाढा घासून दिल्या. राजाचा विषय जंताचा नव्हताच. राणीच्या फेब्रुवारीतल्या पोटशुळाचंही तेच, तो जंतानेच झाला असं मी म्हणणार नाही, पुरावा नाही.

स्ट्राँगाइलची अंडी एकसारखीच दिसतात, मोठ्या जातीची कुठली आणि छोट्या जातीची कुठली हे अंड्यावरून सांगता येत नाही. मोठी म्हणजे स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस, जिच्या अळ्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत फिरतात, रक्ताच्या गुठळ्या करतात, जुन्या काळी घोडे मरायचे ते हिच्यामुळे. छोट्या म्हणजे सायथोस्टोमिन, यांच्या जवळपास ५० जाती. म्हणून लीद दमट ठेवून आठ-दहा दिवस अळ्या वाढवल्या आणि मायक्रोस्कोपखाली त्या अळ्यांच्या आतड्याच्या पेशी मोजल्या. सायथोस्टोमिनच्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळीत बहुतेक ८ पेशी असतात, व्हल्गॅरिसमध्ये २८ ते ३२. आम्हाला सगळ्या आठवाल्याच दिसल्या. म्हणजे आता मुकाबला छोट्यांशी.

डोस देताना ईपीजी २०० च्या वरचे पाचच घोडे हिशेबात घेतले, बिजली, बादल, राणी, पाखऱ्या, तुफान. ज्याचा आकडाच ७५ आहे त्याच्यात घट मोजण्यात अर्थ नसतो, स्लाइडवर एक अंडं इकडचं तिकडे झालं की टक्केवारी कुठल्या कुठे जाते. पाचांची बेरीज ४३००. प्रत्येकाचं टेपने वजन, ७.५ मिलिग्रॅमने फेनबेंडाझोल, चंदीतून नाही, पातळ करून सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे, तोंडात घास नसताना, आणि गिळेपर्यंत मान वर. पाखऱ्याने पहिला डोस माझ्या शर्टावर थुंकला, त्याला परत दिला.

१४ दिवसांनी: बिजली ८००, बादल ६७५, राणी ५५०, पाखऱ्या ३२५, तुफान १५०. बेरीज २५००.

४३०० मधून २५०० वजा, १८००, भागिले ४३००, म्हणजे ४२ टक्के घट. चांगलं चालणाऱ्या बेंझिमिडाझोलने ९९ टक्क्यांच्या आसपास घट व्हायला हवी. अमेरिकन असोसिएशन ऑफ इक्वाइन प्रॅक्टिशनर्सच्या मार्गदर्शक सूचनांत या गटासाठी ९५ च्या वर असेल तर औषध चालतंय, ९० ते ९५ असेल तर संशय, ९० च्या खाली असेल तर जंत औषधाला दाद देत नाहीत असं धरतात. इथे ४२. पायरँटेल या दुसऱ्या घराण्यातल्या जंताच्या औषधासाठी हीच रेषा जरा खाली आहे, ८५ च्या खाली नापास, आणि आयव्हरमेक्टिन, मॉक्सिडेक्टिन या तिसऱ्या घराण्यासाठी वर, ९५ च्या खाली गेलं की नापास. म्हणजे प्रत्येक औषधाला पास होण्याचे मार्क वेगळे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि आयव्हरमेक्टिनने ९३ टक्के आले की खूश होतात, खरं तर ती धोक्याची घंटा असते.

कोणी म्हणेल मॅकमास्टरच्या आकड्यांवर एवढा भरवसा कशाला, तीच लीद दोनदा मोजली तरी फरक येतो. येतो, मान्य. ९२ आले असते तर मी परत मोजलं असतं, आणखी घोडे घेतले असते, काहीच बोललो नसतो. पण पाचही घोड्यांत एकही ६० टक्क्यांपर्यंत पोचला नाही, सगळ्यात जास्त घट तुफानची, ५७ टक्के. मोजणीतल्या फरकाने एवढी दरी पडत नाही.

नानांचा पहिला प्रश्न, "मग हे औषध फेकूनच द्यायचं का?" आणि मी म्हटलं, "नाही नाना, शिंगराला हेच देणार आहे."

शिंगराची गोष्ट वेगळी आहे आणि या केसमधला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. शिंगराच्या लीदमध्ये स्ट्राँगाइलची अंडी १०० आणि गोल जंताची, पॅरास्कॅरिसची, ६००. हा जंत शिंगरांचाच, घोडा मोठा होत गेला की प्रतिकारशक्ती येते आणि तो कमी होतो. आता सगळीकडे लोक काय करतात, आयव्हरमेक्टिन भारी आहे ना, मग शिंगरालाही तेच. पण पॅरास्कॅरिसने आयव्हरमेक्टिनला दाद न देणं हे २००२ मध्ये नेदरलँड्समधून पहिल्यांदा समोर आलं आणि त्यानंतर अनेक देशांतून. उलट बेंझिमिडाझोल या जंतावर बहुतेक ठिकाणी अजून चालतं. म्हणजे एकाच तबेल्यात, एकाच पाकिटातलं औषध, मोठ्या घोड्याच्या छोट्या स्ट्राँगाइलवर नापास आणि शिंगराच्या गोल जंतावर पास होऊ शकतं. औषध चालतं का, हा प्रश्नच अर्धा आहे, कुठल्या जंतावर हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दुसरं कारण पोटाचं. शिंगरात हे जंत भरपूर असले आणि त्यांना एकदम लुळं पाडणारं औषध दिलं, पायरँटेल किंवा आयव्हरमेक्टिन, तर जंतांचा बोळा लहान आतड्यात अडकून पोटशूळ होऊ शकतो, आतडं फुटूही शकतं. फेनबेंडाझोल हळूहळू मारतं, धोका कमी. शिंगराला किलोला १० मिलिग्रॅमने दिलं आणि दोन दिवस मोतद्दाराला नजर ठेवायला सांगितलं, जमिनीवर लोळतोय का, पोटाकडे वळून बघतोय का, दूध-चारा सोडला का. दुसऱ्या दिवशी सकाळी लीदमध्ये पांढरट, जाड, वीतभर-दीडवीतभर लांब जंत पडले, मोतद्दाराने काठीने वेगळे करून पत्र्यावर ओळीने मांडून ठेवलेले आणि गल्लीतली पोरं बघायला जमलेली. १४ दिवसांनी पॅरास्कॅरिसची अंडी शून्य. स्ट्राँगाइलची १०० ची ७५ झाली, म्हणजे तिथे काही नाही, जे अपेक्षितच होतं.

मोठ्यांसाठी आयव्हरमेक्टिन, किलोला ०.२ मिलिग्रॅम, तोंडाने द्यायची पेस्ट. घोड्याची पेस्ट नाशिकमध्ये मागितली की दुकानदार गाईचं इंजेक्शन पुढे करतो, आणि बऱ्याच तबेल्यांत ते घोड्याला टोचलंही जातं. टोचू नका. घोड्यांसाठी इंजेक्शन बाहेर निघालंही होतं पण टोचल्या जागी क्लॉस्ट्रिडियमचा संसर्ग होऊन घोडे गंभीर आजारी पडल्याने ते मागे घ्यावं लागलं. पेस्ट मागवून घेतली, पिचकारीवर वजनाच्या खुणा असतात, दट्ट्या फिरवून वजनाच्या खुणेवर आणायचा. आणि संपलेली पिचकारी तबेल्यात टाकायची नाही, काही जातींच्या कुत्र्यांना, कोलीसारख्या, हे औषध भयंकर बाधतं.

त्याच पाच घोड्यांना पेस्ट दिली, २५०० ही नवी सुरुवात धरून. १४ दिवसांनी चौघं शून्य, बिजली २५. म्हणजे ९९ टक्के. पास. आयव्हरमेक्टिनकडून ९९.९ ची अपेक्षा असते पण ९८ च्या वर ते चालतंय असंच धरतात, आणि बिजलीचे २५ म्हणजे स्लाइडवर दिसलेलं एक अंडं.

पण मी इथे थांबत नाही. १४ दिवसांची टेस्ट पास होऊनही औषध आतून कमजोर होत चाललेलं असू शकतं आणि ते आधी दिसतं अंडी किती लवकर परत येतात त्यात. हे औषध १९८० च्या दशकात नवं होतं तेव्हा अंडी परत यायला ९ ते १३ आठवडे लागायचे, आता साधारण ६ ते ८ चालून जातं आणि काही देशांत त्याहूनही कमी झालंय. नानांकडे सहाव्या आठवड्याला पाचही शून्य. आठव्या आठवड्याला, पितृपक्षात, बिजली २२५, बादल १५०, राणी ७५, बाकी दोघं शून्य. ठीक आहे. अंडी परत येतात ती बरीचशी आतड्याच्या भिंतीत गुंडाळून बसलेल्या अळ्यांमुळे, छोट्या स्ट्राँगाइलच्या अळ्या तिथे महिनोन्महिने, कधी दोन वर्षंही झोपून राहतात आणि आयव्हरमेक्टिन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. मॉक्सिडेक्टिन पोचतं, पण ते मी राखून ठेवलंय, ईपीजी थोडा वाढला म्हणून ते काढायचं नसतं.

आता मूळ प्रश्न, जो नानांनी नाही, मोतद्दाराने विचारला. हे घोडे चरायला जातच नाहीत, दिवसभर पागेत, मग जंत येतात कुठून? आपल्या पुस्तकांत सगळं कुरणाचं लिहिलेलं असतं. उत्तर तबेल्याच्या मागे होतं. लीद रोज गोळा व्हायची, स्वच्छता चांगली होती, पण ती ताजी लीद सरळ मागच्या घासाच्या तुकड्यात पसरायचे, खत म्हणून, आणि त्याच तुकड्यातला हिरवा घास सकाळी दव असताना कापून घोड्यांपुढे. स्ट्राँगाइलचं अंडं लीदमध्ये पडलं की उबदार ओल्या हवेत आठवडाभरात त्याची संसर्ग करणारी अळी होते आणि ती ओल्या पात्यावर चढते. नाशिकचा जून ते सप्टेंबर म्हणजे तिच्यासाठी उत्तम हवामान. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ती फार टिकत नाही, शिवाय उन्हाळ्यात घास वाळलेला आणि पावसाळ्यात हिरवागार, म्हणून हा सगळा खेळ पावसाळ्याचा. नाना वर्षभर औषध देत होते आणि पावसाळाभर घासातून जंत परत खायला घालत होते.

उपाय फुकटचा निघाला. लीद घासात जाणं बंद. ढीग लावायचा, ओला ठेवायचा, दर थोड्या दिवसांनी बाहेरचा भाग आत ढकलून उलटायचा. ढीग आतून नीट तापला की अळ्या-अंडी मरतात, पॅरास्कॅरिसची अंडी फार चिवट, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यांच्यासाठी ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापायला हवा. कुजलेलं खत भावाच्या द्राक्षबागेत, तिथे कोणी घोडा चरत नाही. घासाला शेणखत.

वाद झाला तो दसऱ्यावरून. नानांचं म्हणणं, दसऱ्याला घोड्यांची पूजा, पुढे लग्नाचा सीझन, त्याआधी सगळ्या आठही घोड्यांना एकदा पेस्ट देऊन मोकळं व्हावं, खर्चाला मी मागे बघत नाही. मी नको म्हटलं. राजा, मोती, सुलतान यांच्या पोटात जे थोडे जंत आहेत ते पेस्टच्या तावडीत आलेलेच नाहीत, त्यांची अंडी बाहेर पडून औषधाला दाद देणाऱ्या जंतांची भर घालत राहतात. आठही घोड्यांना सारखं धुवून काढलं की उरतात ते फक्त औषध पचवणारे, फेनबेंडाझोलचं झालं तेच आयव्हरमेक्टिनचं होईल आणि त्याच्यानंतर हातात फार काही उरलेलं नाही. या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, तसं दुसरं औषध काही दर दहा वर्षांनी येत नाही. नाना पटल्यासारखे हसले पण पटलं नव्हतं. तोडगा असा निघाला की पितृपक्षात कोणाला काही नाही, दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबल्यावर सगळ्यांना एकदाच आयव्हरमेक्टिन-प्राझिक्वांटेल, यातलं दुसरं चपट्या जंतांसाठी. वर्षातून एकदा सगळ्यांना द्यायला माझी हरकत नाही, उलट हवंच, कारण चपटे जंत मॅकमास्टरमध्ये नीट सापडत नाहीत, बॉट माशीच्या अळ्या तर अंड्यांच्या मोजणीत दिसतच नाहीत, आणि मोठे स्ट्राँगाइल परत डोकं वर काढू नयेत म्हणूनही. मध्ये फक्त ज्याचा ईपीजी चढेल त्याला. अमावस्येचं वेळापत्रक बंद, वर्षातून दोन-तीनदा लीद तपासणी.

घोडे भरले का? राजा भरला, दाढांमुळे. शिंगराचं पोट उतरलं, अंगावरची कळा बदलली. बाकीच्यांत जो फरक दिसतो त्यात जंत किती आणि सीझन संपून मिळालेली विश्रांती किती हे मला वेगळं काढता येणार नाही, वराती बंद असल्या की घोडे तसेही सुधारतात.

मार्गशीर्षात नाना सारंगखेड्याच्या यात्रेतून एक काठेवाडी घोडी घेऊन आले. यावेळी फोन आधी आला, घोडी टेम्पोतून उतरायच्या आत. तिला गोठ्याकडच्या बाजूला वेगळं बांधलं, लीदही वेगळी, ईपीजी ४०० आला. टेप लावून वजन, पेस्ट, आणि १४ दिवसांनी परत मोजल्यावर शून्य, मग तिला बाकीच्यांत घेतली. फेनबेंडाझोलचे उरलेले गोळे अजून खिडकीतल्या डब्यात आहेत, त्यावर मोतद्दाराने स्केचपेनने "फक्त शिंगरू" लिहून ठेवलंय.